साडेपाचवाले

सह्याद्रीला कान फुटले त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली होती. घाटातल्या नव्या पोरांना तर डोंगर पूर्वी काही ऐकत नसे, हे सांगूनही खरं वाटत नसे. शेताच्या बांधावर, देवळामागच्या राईत, रस्त्याच्या कठड्यात, जिथे नजर टाकावी तिथे चिंचोक्याएवढे राखाडी खडे पडलेले असत. त्यांचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक त्यांना कानखडे म्हणत. ते कुणी वेचत नसे, कुणी फेकतही नसे. ह्या खड्यांच्या जिवावर आपण पावसाळ्यात निवांत झोपतो, एवढं घाटात सगळ्यांना ठाऊक होतं.

कानखड्याचं काम एवढंच, की ऐकायचं आणि सांगायचं. दरड काही एकाएकी कोसळत नाही. त्याआधी कित्येक तास, कधी कित्येक दिवस, आतला खडक कुरकुरत असतो. आपल्या कानांना ती कुरकुर कळत नाही, खड्याला कळते. तो शेजारच्या खड्याला कुजबुजून सांगतो, तो पुढच्याला, आणि असं करत ती बातमी पठारावरच्या गिरिश्रवण केंद्रात पोचते. तिथे तिची एक ओळ होते. ओळीत तीन रकाने असतात: कुठे, केव्हा, काय. अशा ओळींचा जो अवाढव्य तक्ता झाला होता त्याचं नाव गिरिसारणी. तिच्यात ओळी किती, हे पाहुण्यांनी विचारलं की केंद्रातले लोक एक आकडा सांगत. त्या आकड्याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागत नसे, आणि खरं सांगायचं तर सांगणाऱ्यालाही लागत नसे.

ह्या तीन रकान्यांपैकी मधला, म्हणजे 'केव्हा'चा, डॉ. मल्हार देवस्थळींचा होता. त्यांनी तो घडवला, सांभाळला आणि त्यावरच त्यांचं नाव झालं. 'केव्हा' लिहायला एवढं काय लागतं, असं कुणालाही वाटेल. आपण 'गेल्या श्रावणात' म्हणतो, 'काल दुपारी' म्हणतो, समोरच्याला कळतं. यंत्राला ह्यातलं काही कळत नाही. त्याच्यासाठी तारीख, महिना, वर्ष, तास, मिनिट असं सगळं लिहावं, तर एका ओळीत पाच-सहा आकडे अडकून बसतात. त्यात महिने लहानमोठे, वर्ष मधूनच एका दिवसानं लांब. दोन घटनांमध्ये किती वेळ गेला हे काढायचं तर यंत्राला दर खेपेला कॅलेंडर चाळत बसावं लागतं. म्हणून संगणकाच्या सुरुवातीच्या काळातल्या लोकांनी एक युक्ती काढली होती. त्यांनी काळात एक खुंटी ठोकली. एकोणीसशे सत्तर सालचा पहिला दिवस, ग्रिनिचची मध्यरात्र. त्या खुंटीपासून किती सेकंद गेले तेवढा एकच आकडा लिहायचा. मोठा आकडा म्हणजे नंतरची घटना, लहान आकडा म्हणजे आधीची, आणि वजाबाकी केली की मधला वेळ हातात. शंभर वर्षं उलटली तरी ती खुंटी कुणी उपटली नव्हती. केंद्रात तिला शून्यक्षण म्हणत.

आता ग्रिनिचला मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्यामुळे एखाद्या कानखड्याचं घड्याळ बंद पडून पुन्हा सुरू झालं, की तो बिचारा शून्यापासून मोजायला लागे आणि त्याला वाटे, की सत्तर सालची पहाट आहे आणि साडेपाच वाजले आहेत. अशा ओळी रोज येत. कुठे म्हशीचा पाय पडला, कुठे वीज पडली, की चार खडे घड्याळ विसरत. केंद्रातले लोक त्यांना साडेपाचवाले म्हणत आणि हसत. 'आज साडेपाचवाले फार आलेत' हा चहाच्या वेळचा नेहमीचा विनोद होता.

ह्या साडेपाचवाल्यांचं काय करायचं, ह्यासाठी देवस्थळींनी तिशीत असताना एक नियम लिहिला. केंद्राच्या जन्माआधीची वेळ ज्या ओळीवर असेल, ती ओळ चुकीची. ती अडगळीत टाकावी. अडगळ म्हणजे सारणीचाच एक कोपरा. तिथली ओळ पुसली जात नसे, पण कुठलीही शोधाशोध तिच्यापर्यंत जात नसे. नियम दोन वाक्यांचा होता, पण त्यामुळे सारणी एकदम स्वच्छ झाली. देवस्थळींचं कौतुक झालं. पुढे ते व्याख्यानांत सांगत, "ज्याला आपली वेळ सांगता येत नाही, त्याची साक्ष घेऊ नये." श्रोते मान डोलवत. वाक्य खरंच चांगलं होतं.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना त्यांच्याकडे शेवटचं मोठं काम आलं. गिरिसारणी नव्या यंत्रावर हलवायची होती. नव्या यंत्राची अट अशी, की ज्या ओळीला खरी वेळ नाही ती ओळ घेतली जाणार नाही. म्हणजे अडगळीतल्या ओळींना एक तर वेळ शोधून द्यायची, नाही तर त्या कायमच्या पुसायच्या.

देवस्थळींना पुसायचं जिवावर आलं. त्यांनी एक पद्धत बसवली आणि तिला चांद्रशोध असं नाव दिलं. समुद्राला भरती-ओहोटी येते हे सगळ्यांना माहीत असतं. जमिनीलाही येते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. चंद्र डोक्यावरून जाताना पायाखालचा खडकसुद्धा वीतभर वर उचलतो आणि मग खाली बसवतो. सगळंच एकत्र हलत असल्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. पण खडक उचलला जाताना अगदी बारीक करकरतो, आणि कानखडा ते ऐकतो. अमावास्या-पौर्णिमेला ही करकर वाढते, अष्टमीच्या आसपास कमी होते. खड्याचं घड्याळ मेलेलं असलं तरी त्यानं टिपलेल्या आवाजात चंद्राची चाल उतरलेली असतेच. ती चाल वेळ माहीत असलेल्या खड्यांशी जुळवून पाहिली, की साडेपाचवाल्याची खरी वेळ सापडते. पद्धत इतकी चांगली चालली, की देवस्थळी बऱ्याच वर्षांनी शीळ घालत जिने चढायला लागले.

ती शीळ फरीदा मुजावरांनी थांबवली. फरीदाबाई आवाज विभागाच्या प्रमुख. कुठला आवाज खडकाचा, कुठला जनावराचा, कुठला माणसाचा, हे ठरवणं त्यांचं काम. मूळच्या सांगलीच्या, आणि बोलणं तुकडा पाडल्यासारखं.

त्या दुपारी देवस्थळींच्या खोलीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "धारकुशीच्या अडगळीत माणूस सापडलाय."

"माणूस?"

"माणसाचा आवाज. एक शब्द स्वच्छ आहे, एक नाव आहे. बाकी ठोकल्याचे आवाज. दगडावर दगड."

धारकुशी म्हटल्यावर देवस्थळींनी हातातला कप खाली ठेवला. बारा वर्षांपूर्वीच्या श्रावणात ह्या गावाच्या खालच्या वाडीवर दरड आली होती. केंद्रानं आदल्या दिवशीच इशारा दिला होता आणि वाडी रिकामीही झाली होती. पण अकरा घरांतली एकेक अशी अकरा माणसं गुरं सोडायला आणि मधमाश्यांच्या पेट्या हलवायला परत गेली. ती आत राहिली.

"आवाज कुणाचा?" देवस्थळींनी विचारलं.

"त्या अकरा जणांच्या आवाजांचे नमुने आपण तेव्हाच मागवून ठेवले होते. जुळतो तो विश्राम ढेबेंशी. नाव घेतोय कस्तुरी."

कस्तुरी ढेबे ही विश्रामची बायको आणि तेव्हाची धारकुशीची सरपंच. तिला देवस्थळींनी एकदाच पाहिलं होतं, तेही पडद्यावर, पण ते विसरण्यासारखं नव्हतं. दरडीच्या तिसऱ्या दिवशी उकरणाऱ्या जवानांच्या आणि पोरांच्या डोक्यावरचा कडा कुरकुरायला लागला होता. बचाव पथकाच्या अधिकाऱ्यानं केंद्राला विचारलं, की खाली कुणी जिवंत आहे का. असेल तर धोका पत्करून खणू, नसेल तर माणसं काढून घेतो. देवस्थळींनी स्वतः सारणीला प्रश्न घातला: दरड आल्यानंतर ह्या जागी माणसाच्या आवाजाची किंवा ठोकण्याची एखादी ओळ आहे का? सारणीनं सांगितलं, एकही नाही. ते उत्तर त्यांनी कळवलं. अधिकाऱ्यानं गावाकडे पाहिलं. कुणी बोलेना. मग सरपंच पुढे झाली आणि म्हणाली, "थांबवा. माझा माणूस आत हाय, म्हणून मी सांगते. ह्या पोरांच्या आया घरी वाट बघत्यात." त्यानंतर उरलेल्या दहा घरांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. खणणं थांबलं. तो वरचा कडा मात्र शेवटपर्यंत पडला नाही. तो आजही तिथे तसाच उभा आहे.

"वेळ काढली?" देवस्थळींनी विचारलं.

"वेळ तुमचा विभाग काढतो," फरीदाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

देवस्थळींनी ओळी चांद्रशोधाला लावल्या. दगडांच्या माऱ्यात त्या जागच्या सगळ्याच खड्यांची घड्याळं गेली होती. घड्याळ हरवलेला खडा शेजाऱ्याला वेळ विचारतो. पण इथे शेजारीही हरवलेलेच, त्यामुळे ढिगाऱ्याखाली सगळे एकमेकांना साडेपाच सांगत राहिले होते. आणि ऐकलेलं सगळं वर कळवत राहिले होते. सारणीनं ते इमानानं घेतलं आणि नियमाप्रमाणे अडगळीत टाकलं.

खऱ्या वेळेचा आकडा पडद्यावर आला. खणणं थांबल्याचा आकडा देवस्थळींना पाठ होता. त्यांनी वजाबाकी केली. ही वजाबाकी सगळ्यांना सोपी व्हावी, म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली होती. विश्राम ढेबेचा आवाज खणणं थांबल्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता. ठोकण्याचे आवाज खणणं थांबण्याच्या आधीच सुरू झाले होते आणि त्याच्या आवाजानंतरही दीड दिवस चालले होते.

मग देवस्थळींनी आवाज लावून ऐकला. खरवडल्यासारखा, पण माणसाचाच. "कस्तुरी," आणि थोड्या वेळानं, "परवा." पुढचं काही लागत नव्हतं. परवा काय झालं, हे तो सांगत होता की परवा काय करायचं, हे शब्दावरून कळायला मार्ग नव्हता. आपल्या भाषेत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. दरड परवा आली असं त्याला म्हणायचं असेल, तर अंधारात त्याचा एक दिवस हुकला होता. त्याच्याही घड्याळाचं तेच झालं होतं.

कायदा स्पष्ट होता. सारणीत कुणाचा आवाज सापडला तर तो जवळच्या नातेवाइकाला द्यायचा, कुठे आणि केव्हा ह्या दोन्ही गोष्टींसकट. फरीदाबाईंनी निरोप धाडलाही. कस्तुरीताई गुरुवारी येणार होत्या.

"काय सांगणार?" बुधवारी फरीदाबाईंनी विचारलं.

"तिला काय सांगायचं, फरीदाबाई? तू थांबवा म्हणालीस तेव्हा तो जिवंत होता, असं? बारा वर्षं त्या एका वाक्यावर ती उभी आहे. गावानं त्या वाक्यासाठी तिला डोक्यावर घेतलंय. ते काढून घ्यायचं?"

"तिचं काढून घ्यायचं नाही म्हणता, का तुमचं?"

हा प्रश्न देवस्थळींनी स्वतःलाही विचारला होता आणि त्याचं उत्तर त्यांना आवडलं नव्हतं. खरी वेळ सांगितली की नियम कुणी लिहिला हे विचारलं जाणारच होतं. आपण बाईवर दया करतो आहोत की आपली कातडी वाचवतो आहोत, हे त्यांना खरोखरच वेगळं काढता येत नव्हतं. दोन्ही एकमेकांत अगदी कालवलं गेलं होतं.

गुरुवारी कस्तुरीताई आल्या. पन्नाशी उलटलेली, हातापायानं काटक बाई. त्यांनी पिशवीतून मधाची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"सातेरी माश्यांचा हाय. आमच्या पेट्यांतला," त्या म्हणाल्या. "पेट्या वाचल्या सगळ्या. त्यांनी दोन खेपा करून वर आणून ठेवल्या व्हत्या. तिसऱ्या खेपेला गेले."

"तुम्ही अजून करता मधाचं?"

"न करून सांगता कुणाला. माश्या थोड्याच थांबत्यात." त्या बसल्या. "तुम्हाला दर साली पत्र धाडते, तुम्ही येत न्हाई. पक्षातल्या पंचमीला अकराही घरांचा म्हाळ एकदम घालतो आम्ही. दरड पंचमीची ना."

देवस्थळींना ती पत्रं आठवली. दर भाद्रपदात म्हाळाचं, म्हणजे पितरांच्या जेवणाचं आमंत्रण येई आणि ते दर वर्षी कामाचं निमित्त सांगत. पंचमी ही तिथी खरी नाही, हे आता त्यांना ठाऊक होतं.

"आवाज कसा सापडला म्हणायचा इतक्या वर्सांनी?" कस्तुरीताईंनी विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं होतं, म्हणून देवस्थळींनी ते सविस्तर दिलं. खुंटी सांगितली, साडेपाच सांगितले, खडकाची भरती-ओहोटी सांगितली. कस्तुरीताई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हंजे चंद्रावरनं तिथी काढली म्हणा की."

"हो. तसंच म्हणायचं."

"मग कुठली निघाली?"

देवस्थळींच्या समोर पडदा होता आणि त्यावर आकडा होता. तो त्यांना दिसत होता, बाईंना नाही. "अजून पक्की नाही," ते म्हणाले. "पण दरडीच्या आधीची आहे. रोजच्यासारखं घराजवळ बोलतायत. तुम्हाला हाक मारतायत आणि परवा काहीतरी करायचं म्हणतायत. एखाद्या खड्याचं घड्याळ आधीच बिघडलं असणार, त्यानं टिपलं."

खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या फरीदाबाईंनी मान फिरवली.

"ऐकवा," कस्तुरीताई म्हणाल्या.

त्यांनी दोनदा ऐकलं. पहिल्यांदा त्यांचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्यांदा त्या डोळे मिटून, मान थोडी कलती करून ऐकत होत्या. पेटीला कान लावून आत माश्या कशा आहेत हे अंदाजणारा माणूस ऐकतो तसं.

"आमच्या ओसरीला पेट्या असायच्या," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "घराजवळ कुठंबी बोललं तर माश्यांची घूं घूं असायचीच. माझ्या माहेरची माणसं म्हणायची, तुमच्याकडं फोनवर काय ऐकू येत न्हाई. ह्यात माश्या न्हाईत."

"मागचे आवाज आम्ही काढून टाकतो," देवस्थळी घाईनं म्हणाले. "माणसाचा तेवढा ठेवतो."

"पावसाचा बी काढला?"

"हो. तोही."

"बरं," कस्तुरीताई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले आणि देवस्थळींकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर देवस्थळींना बरं वाटलं असतं. राग नव्हता. अवघड काम अंगावर पडलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या बघत होत्या. मग त्या उठल्या, पिशवी घेतली.

"तिथी पक्की झाली की तुमच्या सारणीत नीट लिवा, डॉक्टरसाहेब. खरी असंल ती लिवा. मला कळवायची घाई न्हाई."

त्या गेल्यावर फरीदाबाई आत येऊन त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. मधाची बाटली दोघांच्या मध्ये तशीच उभी होती. शेवटी देवस्थळींनी पडदा जवळ ओढला आणि विश्राम ढेबेच्या ओळींवरची सत्तर सालची पहाट पुसून तिथे खरा आकडा लिहिला. अशी एकदा लिहिलेली खरी वेळ सारणीत पुन्हा बदलता येत नसे, हाही नियम त्यांचाच होता. मग त्यांनी संचालकांना पत्र लिहिलं. त्यात नियम कुणी केला, प्रश्न कुणी घातला आणि उत्तर कुणी कळवलं, ह्या तिन्ही ठिकाणी स्वतःचं नाव घातलं.

पुढे चौकशी बसली. चौकशीत कुणी देवस्थळींना फाडून खाल्लं नाही, उलट लोक फार समजूतदारपणे वागले. त्या काळी कुणीही असाच नियम लिहिला असता, असं समितीतल्या तिघांनीही म्हटलं, आणि ते खरंही असावं. देवस्थळींना त्या समजूतदारपणाचा फार त्रास झाला. शिक्षा म्हणावी असं काही झालं नाही. निवृत्तीचा समारंभ तेवढा साधेपणानं झाला, आणि व्याख्यानांतलं ते चांगलं वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

नियम मात्र बदलला. वेळ हरवलेल्या ओळी आता सगळ्यात आधी ऐकायच्या, असं ठरलं. त्यांच्या रकान्यात शून्याऐवजी काय लिहायचं ह्यावर बरीच चर्चा झाली. शून्य लिहिलं की यंत्राला ती खरीच वेळ वाटते, रिकामं ठेवलं की ओळ कुठल्याच क्रमात बसत नाही. समितीनं देवस्थळींना विचारलं. खडा आपल्याला वेळ माहीत नाही हे सांगू शकत नव्हता, कारण तसं सांगायला आपण त्याला शब्दच दिला नव्हता, एवढंच त्यांनी समितीला लिहून कळवलं.

भाद्रपद उजाडला. दर वर्षीप्रमाणे धारकुशीहून पत्र आलं, तेही आता देवस्थळींच्या घरच्या पत्त्यावर. अक्षर तेच, मजकूर तोच, अकरा घरांचा म्हाळ आहे, यावं. त्यांनी तारीख पाहिली आणि पुन्हा पाहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले. तारीख पंचमीची नव्हती. पक्षाच्या शेवटच्या दिवसाची, सर्वपित्री अमावास्येची होती.

देवस्थळींच्या लहानपणी त्यांची आई त्या दिवशी एक पान जास्त वाढत असे. घरातून निघून गेलेल्या, पुन्हा न आलेल्या धाकट्या दिरासाठी. "त्याची तिथी कुठे माहीत आहे आपल्याला? ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांची आज," असं ती सांगायची. देवस्थळींनी ते कित्येकदा ऐकलं होतं आणि मनात देवाधर्माच्या गोष्टींत टाकून दिलं होतं. आता ते पत्र हातात धरून ते कॅलेंडरसमोर उभे राहिले. पंचांगवाल्यांचाही एक तक्ताच होता. त्यालाही 'केव्हा'चा रकाना होता, आणि तो कुणाकुणाचा रिकामा राहणार, हे त्या लोकांनी आधीच ओळखून ठेवलं होतं. त्यांनी तिथी हरवलेल्यांना अडगळीत टाकलं नव्हतं, एक अख्खा दिवस राखून ठेवला होता. पन्नास-साठ वर्षं देवस्थळी त्या चौकोनावरून नजर फिरवत आले होते.

ह्या वेळी ते गेले.

धारकुशीची खालची वाडी म्हणजे आता कारवीनं भरलेला उतार होता. ढिगाऱ्यावरच एक जागा सपाट करून तिथे केळीची अकरा पानं वाढून ठेवली होती: वड्या, अळूची भाजी, खीर, भात, आणि प्रत्येक पानावर मधाचं बोट. वर तो कडा उभा होता. माणसं शांतपणे इकडून तिकडे जात होती, मुलं पाण्याच्या कळश्या आणत होती. पायाखाली कानखडे पडलेले होते.

कस्तुरीताई पुढे आल्या. "आलात. बरं केलंत."

"ताई, ह्या वेळी पंचमी..." देवस्थळी म्हणाले.

"पंचमी खरी नव्हती ना," त्या साधेपणानं म्हणाल्या. "तुम्ही माश्या काढल्या म्हणालात तवाच कळलं. तुम्हाला खोटं बोलायची सवय न्हाई."

"मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"व्हय. हवं व्हतं." त्यांनी ते टाळलं नाही. "तवा मी सगळ्यांच्या वतीनं थांबवा म्हणाले व्हते. म्हणून परत आल्यावर सगळ्यांना बोलवून सांगितलं, की पंचमीला आपली माणसं गेली न्हाईत. माझं तरी गेलं न्हाई. तुमच्यांचं मला ठाव न्हाई."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार. शेलारांच्या आजीनं दोन दिस अन्न घेतलं न्हाई. मग त्याच म्हणाल्या, आपल्याला तिथी ठाव न्हाई, तर अमावास्या धरूया. बाकीचे काय बोलले न्हाईत. तवा बी बोलले नव्हते." त्यांनी वाऱ्यानं दुमडलेलं एक पान सरळ केलं. "कुणी मला बोललं असतं तर बरं झालं असतं."

देवस्थळींना त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तेवढा अधिकार आपला नाही असं वाटून त्यांनी तो ठेवला नाही. विश्राम ढेबेचा आकडा त्यांना आता पाठ झाला होता. त्या आकड्याची तिथीही त्यांनी न राहवून काढली होती. ती त्यांच्या ओठांवर आली. "ताई, त्यांची तिथी सारणीत आहे. खरी. तुम्ही म्हणालात तशी मी लिहिली आहे. तुम्हाला हवी असेल तर..."

"सारणीत हाय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या तिथंच," कस्तुरीताई म्हणाल्या. "चला, पान वाढलंय."

त्यांना अकरा घरांच्या माणसांमध्ये बसवलं गेलं. हे केंद्रातले, वेळ लिहिणारे डॉक्टर, अशी ओळख कस्तुरीताईंनीच करून दिली. सगळ्यांनी नमस्कार केला. शेलारांच्या आजींनी त्यांच्या पानात खीर वाढली आणि पुरे म्हटलं तरी आणखी एक पळी घातली. डाव्या हाताला बसलेल्या माणसानं पावसाची चौकशी केली, समोरच्यानं नव्या खड्यांची. सारणी सगळ्यांना खुली होती, विचारलं की उत्तर मिळत होतं, आणि उत्तर देणारा माणूस आज त्यांच्या पंगतीलाच बसला होता. देवस्थळी मान खाली घालून जेवत राहिले. उन्हं कलेपर्यंत ते तिथे होते, आणि तेवढ्या वेळात कुणीही त्यांना तारीख विचारली नाही.